मागचा बाक

यंदा पोळा होऊन गेला आणि आमच्या शहाद्याच्या शाळेत सराव पाठांसाठी अध्यापिका वर्गाच्या मुली आल्या. त्यांतली एक माझ्या बालवर्गावर पाठ घेणार होती. घंटा झाली, मुले बसली, फळा पुसून झाला, तरी बाईंचा पत्ता नाही. बाहेर येऊन पाहते तो पाण्याच्या टाकीमागे ही उभी. काखेत तक्त्यांची गुंडाळी, कपाळावर घाम, आणि ओठ सारखे हलताहेत. पाठाचे टाचण तोंडपाठ म्हणणे चालले होते. मला पाहताच तिने विचारले, "बाई, तुम्हांलाही पहिल्या दिवशी अशीच भीती वाटली होती का हो?"

"वाटली होती. पण ती हकीकत मोठी आहे. आधी पाठ घे, मग सांगेन."

पाठ झाला, मुली परत गेल्या, आणि हकीकत सांगावयाची राहूनच गेली. पुढे दिवाळी अंकासाठी काही लिहा असे पत्र आले, तेव्हा वाटले, तेच सांगावे. परंतु मी पडले कादंबऱ्या लिहिणारी बाई. गोष्ट सांगावयाची म्हणजे तिच्या आजी-पणजीपासून सुरुवात करावयाची, ही माझी जुनी खोड. आणि या गोष्टीची आजी-पणजी शोधू गेले तो ती निघाली दोनशे वर्षांपलीकडची! तेव्हा वाचकांनी चकलीचे ताट जवळ ओढून निवांत बसावे हे बरे.

एक गोष्ट आरंभीच कबूल करते. मी इतिहासाची पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर बालवाडी अध्यापिकेचा वर्षाचा वर्ग केला, एवढीच पुंजी. पण पंचवीसेक वर्षे चिमण्या मुलांत काढली म्हणजे माणसाला एक प्रश्न पडतोच: शिकविणाऱ्याला शिकवितो कोण? पुस्तके शिकवितात, प्राध्यापक शिकवितात, हे खरेच. पण सराव पाठाचा वर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, पुढे फळा असतो, मध्ये मुले असतात, आणि अगदी मागे भिंतीशी एक बाक असतो. त्या बाकावर बाकीच्या शिकाऊ बाया निरीक्षणाच्या वह्या उघडून बसलेल्या असतात. आज त्या पाहणाऱ्या. उद्या त्यांतलीच एक फळ्यापाशी. पाठ फसला की फळ्यापाशी उभी असलेली मुलगी निरीक्षक बाईंकडे पाहत नाही. ती पाहते त्या मागच्या बाकाकडे. तिथे कोणी पदर तोंडाला लावून हसते आहे, की कोणी मान हलवून 'चालू दे' म्हणते आहे, यावर पुष्कळदा तिचे पुढचे आयुष्य ठरते.

शिक्षणाच्या इतिहासात संस्थांची नोंद असते, कायद्यांची असते, अहवालांची असते. या मागच्या बाकाची नोंद तुकड्यातुकड्यांनी इकडेतिकडे पडलेली आहे. त्यांतले मला सापडलेले तुकडे येथे मांडते.

पहिला तुकडा मद्रासचा. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली तेथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. हाताखालचे पगारी शिक्षक त्याचे ऐकेनात. अशात मलबारी मुलांची एक शाळा त्याच्या दृष्टीस पडली. तिथली मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत होती. बेलने ती रीत उचलली, आणि शिक्षक हट्ट सोडीत नाहीत असे पाहून एका आठ वर्षांच्या मुलालाच धाकट्यांना शिकवावयास बसविले. थोरल्याने धाकट्याला शिकवावे ही रीत आपल्या पंतोजींच्या शाळांतही चालत आलेली होतीच. पण बेलने १७९७ साली लंडनला पुस्तक छापले, जोसेफ लँकेस्टर यानेही तिकडे तशीच पद्धत चालविली, आणि इकडची वाळूतली रीत साहेबाची टोपी घालून पुन्हा आपल्याकडे आली!

मुंबईत एल्फिन्स्टनसाहेबांच्या काळात शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी निघाली होती. पुढे तिलाच 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणू लागले. कॅप्टन जॉर्ज जर्विस तिचे चिटणीस. या मंडळीने लँकेस्टरच्या धर्तीवर चोवीस शिक्षक तयार केले आणि १८२६ साली त्यांना इलाख्याच्या निरनिराळ्या भागांत शाळा चालवावयास धाडून दिले. आमच्या इलाख्यातील शिकवून तयार केलेल्या शिक्षकांची ही पहिली पिढी म्हणावयास हरकत नाही.

मला या चोवीस जणांविषयी नेहमी वाटत आले आहे. मुंबईत एकत्र बसून शिकलेली ही माणसे, आणि मग एकेक जण एकेका गावी. आगगाडी यावयाला अजून सत्तावीस वर्षे होती. म्हणजे शिक्षकाचे शिक्षण आणि शिक्षकाचे एकटेपण ही दोन्ही भावंडे आपल्याकडे एकाच वर्षी जन्मली. बेलच्या पद्धतीत मुले मुलांना शिकवीत हे खरे. पण ती काटकसरीची युक्ती होती. एका शिक्षकात शंभर मुले भागत. थोरल्याने हुकूम सोडावा, धाकट्याने तो पाळावा. शेजारी बसणे वेगळे आणि सोबत असणे वेगळे.

सोबत म्हणजे काय ते पाहावयाचे तर पुण्याला जावे लागते. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि जोतीराव फुल्यांनी घरी शिकविलेल्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण-दगड पडले ही हकीकत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. ती तशी असावीच. पण या हकीकतीने एक चुकीची समजूत होते, की सावित्रीबाई त्या वाटेवर अगदी एकट्या होत्या. १८४९ साली वडिलांनी घर सोडावयास सांगितल्यावर या जोडप्याला आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, आणि त्याच घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या जोडीला शाळेत उभ्या राहिल्या.

सावित्रीबाईंचे एक पत्र आहे. १० ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेले. दुखण्यातून उठत होत्या, माहेरी भावापाशी होत्या. त्या पत्रात मधेच फातिमाची आठवण येते. आपण नसल्याने तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकात हे वाक्य कुठे बसवावे असा कोणालाही प्रश्न पडेल. पण ज्या बाईने कधी आजारपणाची रजा घेतली आहे, आणि आपला वर्ग शेजारच्या बाईंच्या गळ्यात पडला असेल म्हणून अंथरुणात चुळबुळ केली आहे, तिला ते एकदम कळते. दगडांनी सावित्रीबाईंचा निर्धार दिसतो. या एका ओळीने त्यांची सोबतीण दिसते.

जोतीरावांनी पुढे शिक्षकांविषयी जे सांगितले तेही याच अनुभवातून आलेले असावे. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन मांडले त्यात प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा असे म्हटले आहे. पण त्याहून मोलाची सूचना दुसरी. शिक्षक शिकविलेला असावा, आणि होता होईल तो शेतकरी वर्गातलाच निवडावा. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरावयास ज्याला लाज वाटणार नाही, जो त्या लोकांत मिसळेल, असा. म्हणजे प्रश्न नुसता शिक्षकाच्या ज्ञानाचा नाही. तो कोणात बसतो-उठतो याचा आहे. हे वाक्य पुढे माझ्या गोष्टीत कामाला येणार आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात असू द्यावे.

आता आमच्या खानदेशात येते. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. तिथे मुलांसाठी त्यांनी हाताने लिहिलेले दैनिक चालविले. छापखाना नाही, वर्गणी नाही. एकच प्रत, आणि सगळे छात्रालय तिचे वाचक. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली, पण त्या छात्रालयाची आठवण खानदेशातून गेली नाही. आमच्या शहाद्याला गुरुजींच्या नावाचे विद्या प्रसारक मंडळ आहे. मला या कथेतले आवडते ते असे, की एका छपराखाली राहणाऱ्या माणसांनाही एकमेकांशी बोलावयाला कधी कधी कागद लागतो. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही ते लेखणीतून निघते.

आणखी एका बाईंची कथा सांगितल्याशिवाय मात्र बालवाडीच्या शिक्षिकेला पुढे जाता येत नाही. ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या, १९१४ साली पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. त्या काळी एका हिंदी बाईला हे मानाचे पान! शिक्षिका तयार करणारी संस्था हाती, पगार चांगला. तरी भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत चालविलेला बालमंदिराचा प्रयोग त्यांना ओढू लागला, आणि १९२३ साली त्या सगळे सोडून तिकडे गेल्या. दुसऱ्यांना अध्यापन शिकविणारी बाई स्वतः पुन्हा शिकाऊ झाली. चिमण्या मुलांच्या चटईवर जाऊन बसली.

गिजुभाई मूळचे वकील, ताराबाई कॉलेजच्या प्रमुख. बालशिक्षणात दोघेही नवखेच. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला आणि 'शिक्षणपत्रिका' चालविली. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीतही आणली. गावोगाव एकट्या पडलेल्या बालशिक्षकाला महिन्याकाठी कोणीतरी आपल्याच धंद्यातले माणूस दारात आल्यासारखे वाटावे, असे त्या पत्रिकेचे काम. १८२६ च्या चोवीस जणांना जे मिळाले नव्हते ते शंभर वर्षांनी एका मासिकाने थोडे तरी पोचविले.

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले. तिथे ताराबाईंना भेटल्या अनुताई वाघ. अनुताई तेरा वर्षांच्या असताना विधवा झालेल्या. ट्रेनिंग कॉलेज करून चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या. हे वाचले तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले होते. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या, ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या. शिबिर संपले आणि अनुताई हुजूरपागेची कायमची नोकरी सोडून ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या. त्याच वर्षअखेर तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले.

बोर्डीत लवकरच लक्षात आले, की बालवाडी उघडली म्हणजे मुले येतात असे नाही. विशेषतः हरिजन वस्तीतली मुले येईनात. तेव्हा या बायांनी काय केले? मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द जन्मला. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. माँटेसरीची साधने महाग, म्हणून यांनी शिंपले, बिया, खडे, पाने जमवून साधने केली. १९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणात शाळा भरविली. आणि या सगळ्याबरोबर चालले होते ते बालसेविका तयार करण्याचे काम. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत ते काम नेले.

दोघींच्या सोबतीची कथा सांगताना लोक म्हणतात, ताराबाई गुरू आणि अनुताई शिष्या. ते खरेच आहे. पण मला त्यात दुसरेच दिसते. या दोघी नुसत्या एकमेकींच्या सोबतीवर खूश राहिल्या असत्या तर बोर्डीला एक चांगली बालवाडी झाली असती आणि काम तिथेच थांबले असते. आपल्या वर्तुळाबाहेर कोण उभे आहे, हे त्यांनी रोज पाहिले. सोबतीची खरी परीक्षा तिथे होते.

कोठारी आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. शिक्षकाचे शिक्षण शाळांपासून तुटलेले आहे आणि शाळा एकमेकींपासून तुटलेल्या आहेत, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे; आसपासच्या शाळांनी मिळून संकुल करावे अशी सूचनाही आहे. आज आमच्याकडे केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतात त्यामागे हाच विचार. अशा बैठकींत चहा चांगला असतो. पण आपली फजिती तिथे कोणी मोकळेपणी सांगत नाही, कारण वही घेऊन वरिष्ठ बसलेले असतात.

आमच्या शहाद्याच्या माणसाला एकत्र बसून शिकणे म्हणजे काय हे अहवालातून समजून घ्यावे लागत नाही. १९७२ साली इथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखा भिल्ल समाजातलाच कार्यकर्ता आणि शहरांतून आलेले शिकलेले तरुण यांनी शेतमजुरांना एकत्र आणले. गावोगाव शिबिरे झाली. ज्या बाया कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या त्या उठून दारूविरुद्ध, मारहाणीविरुद्ध बोलू लागल्या. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण घरी कामाला येणाऱ्या आजीबाईंच्या तोंडून 'शिबिर' हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच ऐकला होता.

आणि आता ती राहिलेली हकीकत.

२००० साली मी अध्यापिका वर्गाला गेले. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन दोन वर्षे झाली होती. आम्ही अठ्ठावीस जणी. बऱ्याच जणी वसतिगृहात राहत असू. माझा पहिला सराव पाठ होता 'फळांची ओळख'. चार रात्री जागून मी मातीची फळे केली होती, वर रंग दिला होता. केळे इतके हुबेहूब साधले होते, की मीच त्याच्याकडे पाहत बसे. वर्गात ते उंच धरून मी विचारले, "हे काय?" पुढच्या रांगेतल्या एका बाळाने उत्तर न देता ते ओढून घेतले आणि चावा घेतला! दातांत माती गेली, त्याने भोकाड पसरले, त्याचे पाहून आणखी चौघांनी. मी टाचण विसरले, मुलाला घ्यावे हेही विसरले, आणि मागच्या बाकाकडे पाहिले. सगळा बाक हसत होता. निरीक्षक बाईंनी लाल शाईने शेरा दिला: 'केळीच्या मुलखात मातीचे केळे कशाला?' शेरा अगदी रास्त होता. शाळेच्या बाहेर रस्त्याने केळीच्या घडांनी भरलेली मालमोटार जात होती. पण रास्त शेऱ्याने रडू थांबत नाही.

रात्री मी जेवले नाही. आमच्यात एक लग्न झालेली, दोन मुलांची आई होती. तिला सगळ्या वहिनी म्हणत. वहिनीने पेटीतून एक कोरी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर स्वतःचीच फजिती लिहिली. पाठाच्या वेळी ती बडबडगीत सुरू करून दुसरी ओळच विसरली होती आणि पहिलीच ओळ तिने नऊ वेळा म्हटली होती. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "लिही तुझे केळे."

त्या वहीचे दोन नियम वहिनीने केले. प्रत्येकीने फक्त स्वतःची चूक लिहावयाची. आणि खाली इतरांनी उपदेश लिहावयाचा नाही. आपल्यालाही तसेच कधी झाले असेल तर तेवढेच लिहावयाचे. "उपदेश करायला बाई आहेत," ती म्हणे. माझ्या केळ्याखाली सात जणींनी लिहिले. एकीच्या कागदी पक्ष्याचे डोके पाठात गळून पडले होते. एकीने गोष्ट सांगता सांगता सशाऐवजी स्वतःलाच सिंहाच्या गुहेत पाठविले होते. ते वाचून मी पोट धरून हसले आणि मग जेवले. वही महिनाभरात अर्धी भरली. वर्गात ज्यांची तोंडे उघडत नसत त्यांची लेखणी चालू लागली. साने गुरुजींच्या दैनिकाची गोष्ट मला नंतर कळली; पण ती वाचताना आमची वहीच डोळ्यांपुढे आली.

इथपर्यंत सांगून थांबले तर गोष्ट दिवाळीला शोभेल अशी गोड होते. पण ती इथे संपत नाही.

आमच्यात मोलगीकडची एक भिल्ल मुलगी होती. घरची बोली वेगळी; मराठी बोलताना तिचे लिंग-वचन चुके. ती पाठ घेऊ लागली की मागच्या बाकावर खसखस पिके. वहीत सगळ्यांची पाने झाली, तिचे नाही. आम्ही म्हणत असू, तिला घमेंड आहे. कोणी म्हणे, तिला लिहिताच येत नाही. दुसऱ्या महिन्यात एके सकाळी वहीत एका नव्या पानावर मधोमध तीन शब्द दिसले. "मला सगळ्या हसतात." वहीच्या नियमाप्रमाणे ही काही तिची चूक नव्हती. पण तिने ती चूक म्हणूनच लिहिली होती.

खाली कोणी लिहावे? ज्यांना तसे झाले असेल त्यांनी लिहावयाचे, असा नियम. तसे कोणालाच झाले नव्हते. आम्ही हसणाऱ्या होतो. ते पान तसेच राहिले. रोज कोणी तरी वही उघडी, ते पान येताच झटकन पुढे उलटी. आमच्या त्या प्रेमळ वहीत एक कोरे पान आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नव्हती. वहिनीसुद्धा नाही.

माघ महिन्यात अक्कलकुव्याच्या डोंगरात एका पाड्यावर आमचे सहा दिवसांचे शिबिर होते. मी चित्रांचे तक्ते नेले होते. पहिल्याच तक्त्यावर आई. "ही कोण?" मी विचारले. मुले गप्प. मी पुन्हा विचारले, मोठ्याने विचारले, गाऊन विचारले. बारा-पंधरा मुले नुसती टकामका पाहत राहिली. मी मागे पाहिले. मागे बाक नव्हता, एक ओटा होता, आणि त्यावर ती बसली होती. ती उठली, मुलांत जाऊन मांडी घालून बसली, चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "याहा." सगळा घोळका एकदम ओरडला, "याहा!"

देवमोगऱ्याच्या याहामोगीचे नाव आम्ही शहाद्याच्या पोरींनी शंभरदा ऐकले होते. शिवरात्रीच्या सुमारास तिच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या गाड्या पाहिल्या होत्या. याहा म्हणजे आई, हे विचारावे असे आमच्यापैकी कोणाला कधी सुचले नव्हते. नांगराची मूठ धरणारा, लोकांत मिसळणारा शिक्षक हवा असे जोतीरावांनी ज्याच्याविषयी म्हटले होते, तो शिक्षक चार महिने आमच्याच खोलीत राहत होता, आणि आम्ही त्याचे लिंग-वचन मोजीत होतो.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी वही उघडली आणि त्या कोऱ्या पानावर, तिच्या तीन शब्दांखाली लिहिले, "मी हसले होते." खाली सही केली. सकाळपर्यंत त्याखाली आणखी अकरा सह्या झाल्या. अठ्ठावीसांतल्या अकरा आणि एक बारा, सगळ्या नव्हेत. तेही सांगितले पाहिजे.

तिने त्यावर काही म्हटले नाही. आम्हांला क्षमा केली, गळ्यात पडली, असे कादंबरीत लिहिता आले असते. तसे काही झाले नाही. दोन दिवसांनी वहीच्या मागच्या बाजूने तिने लिहावयास सुरुवात केली. डाव्या हाताला मराठी शब्द, उजव्या हाताला तिच्या बोलीतला. पहिली ओळ: आई, याहा. शिबिर संपेतो चार पाने भरली. वर्ग संपल्यावर ती गावी गेली. काही वर्षे तिच्या मुलखात ती मुलांना शिकवीत होती एवढे मला माहीत आहे. वही माझ्याकडे राहिली.

माझ्या बालवर्गात आज भिल्ल मुले आहेत, पावरा आहेत, गुजर आहेत, घरी अहिराणी बोलणारी तर कितीतरी. दर जूनमध्ये पहिल्या दिवशी मी तक्ता लावीत नाही. प्रत्येकाला विचारते, तुझ्या घरी आईला काय म्हणतात? एका वर्गात पाच-पाच उत्तरे येतात, आणि मुलांना त्याची फार गंमत वाटते. ही युक्ती मला कोणत्याही पुस्तकाने शिकविली नाही.

गेल्या आठवड्यात ती टाकीमागची मुलगी पुन्हा आली, सराव पाठाचे गुण झाले होते ते सांगावयाला. मी तिला ती जुनी वही वाचावयास दिली. दोन दिवसांनी तिने ती परत आणली. केळ्याचे वाचून खूप हसले म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारले, "बाई, आमच्याही वर्गात एक मुलगी आहे. तिच्याशी कोणी बोलत नाही. वही करायची तर पहिले पान कोणी लिहायचे?"

मी म्हणाले, "तू. आणि 'मी तिच्याशी बोलत नाही' असे लिही."

तिची मान खाली गेली. मी तिच्या हातावर करंजी ठेवली आणि कपाटातली एक कोरी वही काढून दिली.